दुमडीतलं शिसं

दोरा सुईच्या नेढ्यातून जाईना. तिने टोक पुन्हा ओठांत धरून ओलं केलं, सुई खिडकीच्या उजेडाकडे नेली आणि श्वास रोखला. बोटं थांबली नाहीत. थरथर इतकी बारीक होती की लांबून कुणाला कळली नसती. पण दोऱ्याच्या टोकाला ती कळत होती, आणि तिला.

"चष्मा घ्या आता, बाई," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून मास्तर म्हणाले. "वय झालं की झालं. त्यात लाजायचं काय?"

"तुमच्याएवढी झाले की घेईन."

"म्हणजे मी वर गेल्यावर. असू द्या, नंबर आत्ताच काढून ठेवा."

मशीनवरच्या दोघी खाली मान घालून हसल्या. तीही हसली आणि सुई टेबलाखाली नेली, म्हणजे हात दिसणार नाहीत. खाली बघत, अंदाजाने, दोरा एकदाचा आत गेला.

कारखाना पडद्यांचा होता. मास्तर मालकही होते आणि कापड कापायचेही तेच. दुसऱ्या कुणाच्या हातात ते कात्री देत नसत. टेबलावर एका शाळेच्या सभागृहाचा पडदा पसरला होता, वांग्याच्या रंगाचा, इतका जड की उलटायला चौघं लागत. अशा पडद्याच्या खालच्या दुमडीत शिसं घालतात. कापडाच्या अरुंद नळीत शिशाचे मणी ओवलेले असतात. ती पट्टी दुमडीत सरकवून वरून हाताने तुरपाई करायची. मग पडदा वाऱ्याने उडत नाही, चुण्या सरळ पडतात आणि खाली कितीही झोळ असला तरी दिसत नाही. हे काम तिचं होतं. कारखान्यात तिच्याइतकी बारीक तुरपाई कुणाची नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी दुमडीवरून बोट फिरवलं, एका जागी थांबले, पुढे गेले, पुन्हा थांबले. काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तीन वर्षांपूर्वी न्यूमोनिया होऊन ती दवाखान्यात पडली होती आणि तिथे एचआयव्ही निघाला. तो नवा नव्हता. लग्नाच्या कितीतरी आधीपासून अंगात गुपचूप बसून असणार, असं डॉक्टर म्हणाल्या. नवऱ्याची तपासणी केली, त्याला काही नव्हतं. तिच्या रक्तात मात्र शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी संपत आल्या होत्या. तेव्हापासून रोज एक गोळी. ती गोळी तिने कधी चुकवली नाही. पेशी वाढत गेल्या, विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला. अंग भरलं, केस परत आले, आणि एक दिवस नवऱ्याने विचारलं, "मग आता आपण मुलाचं बघायचं का?"

डॉक्टर नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्षभर सगळं असंच राहू दे. पुढच्या मोठ्या तपासणीत विषाणू सापडला नाही की मोकळे तुम्ही. त्याच्यापासून ना नवऱ्याला धोका, ना, गोळ्या चालू ठेवल्यात तर, बाळाला."

ते वर्ष आता संपत आलं होतं, आणि तिचं वजन उतरत होतं.

आधी तिला बरं वाटलं. स्कर्टाची कंबर सैल झाली, ती आत घेतली. पुन्हा सैल झाली. भूक तर अशी लागायची की डबा दहाच्या सुट्टीतच संपायचा आणि दुपारी ती मशीनवरच्या मुलींच्या डब्यांकडे बघत बसायची. खाल्लेलं जात कुठे होतं कळत नव्हतं. पोट दिवसातून कितीदातरी साफ व्हायचं. जिना चढली की छातीत कुणी दार बडवतंय असं वाटायचं, आणि वर पोचून बसली तरी ते बडवणं चालूच.

तिने स्वतःशी जुळवून पाहिलं. न्यूमोनियाच्या आधीही वजनच गेलं होतं. तेव्हाही पोट बिघडलं होतं. तेव्हाही घाम यायचा. गोळी चुकली असती तर निदान कारण तरी असतं. चुकली नव्हती, म्हणजे गोळीच आता चालेनाशी झाली होती. विषाणू परत आला होता. दुसरं काय असणार?

घरी ती खिडकी उघडायची, नवरा बंद करायचा.

"अगं, बाहेर कुडकुडतंय जग."

"मला गुदमरतंय."

"मग माझी मोटर तरी बघ, जाम व्हायला आलीय." तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घरातल्या प्रत्येक गोष्टीला मोटर, केबल नाहीतर ब्रेक म्हणायची सवय त्याला होती. एका पहाटे तिच्याकडे कूस वळवून तो म्हणाला, "तुझ्या छातीतली मोटर माझ्या उशीपर्यंत ऐकू येते. कुठल्या मजल्यावर निघालीस?"

ती हसली नाही. तो हात पुढे करत होता आणि तिच्या मनात एकच होतं: विषाणू परत आला असेल तर हा हात, हा श्वास, हे सगळं पुन्हा धोक्याचं. श्वासाने काही होत नाही हे तिला पाठ होतं. पाठ असलेलं त्या वेळी उपयोगी पडलं नाही. ती उठली आणि म्हणाली, "गरम होतंय, मी बाहेर सोफ्यावर पडते."

त्या दिवसापासून ती सोफ्यावरच झोपू लागली. नवऱ्याने काही दिवस चेष्टा केली. मग चेष्टा थांबली.

सगळ्यात वाईट होती ती लोकांची शाबासकी. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद एका सकाळी साखर मागायला आली आणि दारातच उभी राहून तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"वहिनी, काय चाललंय काय तुझं? कॉलेजातली मुलगी दिसायला लागलीस."

"काही नाही. धावपळ."

"धावपळ मीही करते, माझं तर वाढतंच. खरं सांग, काही घेतेस का? कुणाला सांगणार नाही मी."

"काही घेत नाही ग."

"नको सांगूस. आमच्यासारख्या जाड्यांचं कोण भलं करणार." साखरेची वाटी घेऊन ती हसत वर गेली. नणंदेला एचआयव्हीचं काही माहीत नव्हतं. ते या घरात दोघांनाच माहीत होतं.

दवाखान्यात वजनकाट्याला मोठा मान होता. आत शिरलं की आधी काटा, मग डॉक्टर. काट्याजवळच्या सिस्टर प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचत आणि वाढला असेल तर पाठ थोपटत. पहिल्या वर्षी तिला त्या "शाब्बास, माझी बाई" म्हणायच्या तेव्हा तिला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं व्हायचं. मागच्या एका खेपेला तिच्या पुढे एक ट्रकवाला होता. त्याचं वजन बरंच उतरलेलं निघालं. सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "गोळ्या कोण घेतंय, तुम्ही की ट्रक?" तो काहीतरी पुटपुटला. "खोटं माझ्याशी नाही चालायचं. काटा बोलतो." रांगेतले सगळे जमिनीकडे बघत होते. तिला त्याच्यासाठी लाज वाटली, आणि आता वाटत होतं की तोही कदाचित खरंच बोलत असेल.

मोठ्या तपासणीचं रक्त द्यायला जायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी ती कारखान्यात मागे राहिली. मास्तर हिशेबाला बसले होते. शिशाच्या पट्टीची रिळं कोपऱ्यात होती. त्यातली सगळ्यात जाड पट्टी तिने कापून घेतली आणि आपल्या लांब गडद स्कर्टाच्या खालच्या दुमडीत, पदरावर पदर, फेऱ्यांवर फेरे घालून बसवली. कमरेच्या पट्टीत पडद्याच्या कोपऱ्यात घालतात ती शिशाची चपटी नाणी ओळीने शिवली. हात थरथरत होता, तरी तुरपाई दिसणार नाही इतकी काळजी तिने घेतली. स्कर्ट उचलला तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली. पडदा शिवायचं सगळं कौशल्य तिने अंगावर चढवायला वापरलं होतं.

सकाळी दोन तांबे पाणी पिऊन ती गेली. काट्यावर चढताना शिसं पोटरीला थंड लागलं.

"वा, जशीच्या तशी," सिस्टर म्हणाल्या. मग स्कर्टाकडे बघून, "पडतो किती सुंदर हो हा. एक चुणी हलत नाही. कुठे शिवला?"

"घरीच."

"हाताला कला आहे तुमच्या."

डॉक्टरांनी नाडी बघितली. "जोरात चाललीय."

"जिना चढून आले."

"घाबरलात ना रिपोर्टला? सगळेच घाबरतात. वजन तर उत्तम आहे." त्यांनी पुढच्याला हाक मारली. रक्त दिलं. बाहेर आल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

आता काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. काटा फसला तरी रक्त फसणार नव्हतं. तिने फक्त थोडे दिवस उधार मिळवले होते.

रिपोर्टच्या दिवशी नवऱ्याने सुट्टी काढली. तिने नको म्हटलं तरी काढली. इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले. रस्त्यात तो फारसं बोलला नाही, एका बांधकामाजवळून जाताना फक्त म्हणाला, "या लिफ्टचा आवाज ऐकलास? याच्यात मी बसणार नाही." तिने तोच स्कर्ट घातला होता. चालताना तो गुडघ्यांना ओढत होता. काट्यावर सिस्टरांनी आकडा वाचला आणि नवऱ्याकडे बघून मान डोलावली, "बायकोला नीट जपताय तुम्ही." तो लाजला.

डॉक्टरांच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पडद्यामागे एक पलंग. तो पडदा आखूड होता आणि एका बाजूला ओघळलेला, हे तिला अशा वेळीही दिसलंच. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर काहीतरी शोधलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"विषाणू सापडला नाही. पांढऱ्या पेशी तर अजून वाढल्यात, इतक्या चांगल्या पहिल्यांदाच. मी म्हणाले होते ना? आता तुमच्या मुलाच्या आड मी येत नाही."

नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून तिच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्याने असं बघितलं नव्हतं.

तिला आनंद झाला नाही. तिचा विश्वासच बसेना. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: रक्त बदललंय कुणाचं तरी. दुसऱ्या कुणाची तरी नळी तिच्या नावावर आलीय. आणि लगेच त्याच्या मागून दुसरं: आली तर आली. गप्प बस. तिला जे हवं होतं ते सगळं या खोलीत, या क्षणी, न मागता समोर ठेवलं होतं. डॉक्टर हो म्हणाल्या होत्या. नवरा परत आला होता. तिने फक्त हसायचं होतं, उठायचं होतं आणि घरी जायचं होतं. पण मूल राहिलं आणि विषाणू खरोखर परत आला असला तर? आणि नसला, तर मग तिला आतून खातंय ते काय आहे, आणि त्याच्यासोबत मूल कसं वाढणार?

"पुन्हा तपासा," ती म्हणाली.

"का बरं?"

"चूक असेल."

डॉक्टर हसल्या. "चूक असायला काही कारण हवं. तुमचं वजन स्थिर आहे, पेशी वाढल्यात, तुम्ही..."

"वजन खोटं आहे."

तिने खुर्चीतून उठून स्कर्टाची खालची कड उचलली आणि टेबलाच्या काठावर ठेवली. ती टक्क वाजली. "पडद्याचं शिसं आहे यात. मागच्या वेळीही होतं. कमरेतही आहे." तिचा आवाज अगदी साधा निघाला, गिऱ्हाइकाला मीटरचा भाव सांगावा तसा. "मी खूप उतरलेय. खाते दुप्पट आणि उतरते. मला वाटलं औषध चालेनासं झालं. वाटलं, तुम्ही म्हणाल मीच गोळ्या बुडवल्या, आणि मग मूल नाही. मी एकही बुडवलेली नाही."

नवरा दुमडीकडे बघत होता. डॉक्टरांनी शिसं बोटाने दाबून पाहिलं, मग कड हळूच खाली सोडली. रागावल्या असतील तर तो राग त्यांनी बाजूला ठेवला असावा, कारण पुढचं वाक्य त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं.

"गरम होतं का? इतरांना थंडी वाजत असताना?"

"हो."

"छातीत धडधड? बसलेलं असतानाही?"

"माझ्या उशीपर्यंत ऐकू येते," नवरा म्हणाला.

"हात पुढे करा. बोटं पसरून." त्यांनी छापायच्या कागदांतला एक कोरा कागद उचलून तिच्या बोटांवर आडवा ठेवला. कागदाची कड फडफडू लागली, पंखा बंद असताना. तिघंही त्या कागदाकडे बघत राहिले. मग डॉक्टर तिच्या मागे उभ्या राहिल्या, बोटं गळ्याच्या तळाशी ठेवली आणि म्हणाल्या, "आवंढा गिळा. पुन्हा." स्टेथोस्कोप त्यांनी छातीऐवजी गळ्यावर लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"थायरॉइड आहे असं मला वाटतंय. गळ्यातली ही ग्रंथी वाढलेली, आणि भयंकर वेगाने चाललेली. आज रक्त घेते. आणि तोवर धडधडीला एक गोळी देते." त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. "वजन खरं कळलं असतं तर हे मी मागच्या वेळीच शोधलं असतं. नाडी माझ्या हातात होती. मी ती तुमच्या भीतीच्या खात्यात टाकली. ती माझी चूक. काट्यावरची तुमची."

दोन दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी तिने स्कर्ट बदलला होता. काट्यावरचा खरा आकडा सिस्टरांनी मोठ्याने वाचला नाही. त्यांना कळलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी इतकी वाईट आहे का हो?" आणि उत्तराची वाट न बघता दुसरीकडे बघू लागल्या.

डॉक्टरांनी कागदावर काही काढलं नाही, बोटांनीच समजावलं. रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक फार वाढलं होतं. मेंदू त्या ग्रंथीला काम कर म्हणून जो निरोप पाठवतो तो जवळजवळ बंद झाला होता, तरी ग्रंथी थांबत नव्हती, कारण दुसरंच कुणीतरी तिला चालवत होतं. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींनी त्या ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार केली होती, आणि ती ग्रंथीला चिकटून तिला सारखी ढोसत होती.

"लिफ्टचं बटण आत अडकतं तसं," नवरा म्हणाला.

"अगदी तसं."

"पण का?" तिने विचारलं. "मी काय केलं?"

"तुम्ही बऱ्या झालात." डॉक्टर क्षणभर थांबल्या. "तुमच्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. औषधाने त्या परत उभ्या राहिल्या, भराभर, लाखोंनी. तयार होताना त्यांना शिकावं लागतं, आपलं कोण आणि परकं कोण. थोड्या पेशी ते चुकीचं शिकून बाहेर पडतात. या औषधावर असलेल्या फार थोड्या लोकांना हे होतं, आणि बहुतेकदा असंच, वर्ष-दोन-तीन वर्षांनी, सगळं सुरळीत झाल्यावर. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

तिच्या डोळ्यांसमोर मास्तरांचा कारखाना आला. गर्दीच्या दिवसांत त्यांनी एकदम नव्या मुली घेतल्या होत्या आणि त्यातली एक, फार मनापासून, तयार झालेल्या पडद्याची शिवण उसवत बसली होती. तिला कुणी तरी उसवायला सांगितलं होतं, पण ते दुसऱ्या कापडाबद्दल.

"मग ती गोळी काही दिवस बंद केली तर?" नवऱ्याने विचारलं. "म्हणजे या पेशी जरा..."

"नाही. ते मनातही आणू नका. ती बंद केली तर विषाणू परत येईल, आज तो दबलेला आहे. थायरॉइडची वेगळी गोळी देते, दोन्ही चालू राहतील." त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "आणि मूल आत्ता नाही. ही ग्रंथी अशी धावत असताना गर्भ टिकणं कठीण, आणि सुरुवातीच्या महिन्यांत हे औषधही बाळाला चांगलं नाही. आधी ग्रंथी जागेवर येऊ दे. वर्ष तरी धरा. कदाचित जास्त."

नवऱ्याने मान हलवली. ती हलवताना तो डॉक्टरांकडेच बघत होता, तिच्याकडे नाही.

बाहेर पडल्यावर ते थोडं चालले. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला, म्हणून तीही बसली. समोरून लोक जात होते. एक माणूस हातगाडीवरून शिडी नेत होता आणि ती वळणावर अडकली होती.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू आशा लावून बसला होतास."

"तू सोफ्यावर गेलीस तेव्हा मला वाटलं तुला नकोच आहे."

"मूल?"

"मूल. आणि मी."

"मला वाटलं विषाणू परत आला. तुला काही होऊ नये म्हणून गेले."

त्याने बुटाच्या टोकाने पायरीखालचा खडा दूर ढकलला. "मलाही तेच वाटलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू उतरत होतीस. मी काय आंधळा आहे? मला वाटलं तू गोळ्या सोडल्यास आणि सांगत नाहीस." त्याने घसा साफ केला. "मी तपासणी करून आलो. दुसरीकडे. नाव बदलून."

तिच्या छातीतलं बडवणं एकदम तिच्या कानापर्यंत आलं. "आणि?"

"काही नाही. ठीक आहे. पण ते कळेपर्यंत मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तुझ्यावर चिडलो होतो. रोज. तुझ्या ताटात जास्त वाढायचो आणि चिडायचो."

तिला हायसं वाटलं आणि लगेच, त्याच्याच पाठोपाठ, दुखलं. तो एकटा कुठल्यातरी रांगेत खोटं नाव सांगून बसला होता, तिला घाबरून. ती त्याच वेळी शिसं शिवत होती. एकाच घरात दोघं एकाच गोष्टीला भीत होते, आणि एकमेकांना जपायचं म्हणून एकमेकांपासून चोरत होते. याचं काय करायचं ते तिला कळेना. माफ करायचं म्हटलं तर नेमकं कुणी कुणाला?

"आता गोळ्या मोजशील का माझ्या?" तिने विचारलं.

"मोजू का?"

"नको."

"मग नाही मोजत," तो म्हणाला, आणि उठून तिला उठायला हात दिला. तिने तो धरला.

कारखान्यात सांगणं अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. "थायरॉइड," ती म्हणाली, आणि मशीनवरच्या दोघींना आपापल्या मावश्या आठवल्या. मास्तर म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं? मी आपला चष्म्याच्या मागे लागलो होतो." त्यांनी हाताची तुरपाई तिच्याकडून काढून मापं घेण्याचं काम दिलं, "हात जागेवर येईपर्यंत." तिने शिशाच्या पट्टीचंही सांगितलं, म्हणजे कापून घेतली एवढंच. कशाला ते त्यांनी विचारलं नाही.

किती दिवसांनी ती आपल्या आजाराचं नाव मोठ्याने घेत होती. हा आजार चारचौघांत घेता येण्यासारखा होता. त्याला मावश्या होत्या. त्या दुसऱ्याला नव्हत्या.

रविवारी सकाळी नणंद खाली आली. भावाकडून तिला काहीतरी कळलं होतं. ती स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसली.

"वहिनी, मला माफ कर ग. मी काय काय बोलत होते. बारीक म्हणून हेवा करत होते तुझा."

"तुला काय माहीत."

"पण होतं कशाने हे? आमच्यात तर कुणाला नाही."

तिने चहाचं भांडं उचललं होतं. ते तिथेच थांबलं. कशाने, हे तिला आता नेमकं माहीत होतं, आणि नेमकं तेच सांगता येत नव्हतं. दारात नवरा उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तो आपल्यासाठी काहीतरी रचून सांगेल आणि मग ते रचलेलं दोघांना जन्मभर सांभाळावं लागेल, याची तिला भीती वाटली.

"मोठ्या आजारातून उठली ना ती," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. शरीर पार संपलं होतं. ते परत उभं राहताना हे झालं."

"तो न्यूमोनिया?"

"त्याच वेळचं," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पुढचं कुणी विचारलं नव्हतं तरी तिने सांगितलं, कारण आत ठेवलं असतं तर तेही वजन झालं असतं. "आम्ही मुलाचं बघणार होतो. या महिन्यापासून. डॉक्टर म्हणाल्या, आता वर्षभर नाही. नंतरचंही नक्की नाही."

हे तिने नणंदेला कधीच सांगितलं नव्हतं. मुलाचा विषय निघाला की हसून टाळायची. नणंदेने भावाकडे बघितलं. तो खिशात हात घालून उभा होता आणि फरशीकडे बघत होता.

चहा ओतताना भांड्याची चोच कपाच्या काठावर कटकट वाजू लागली. बशीत सांडला, ओट्यावर सांडला. तिने भांडं दुसऱ्या हाताने आवळून धरलं, तर ते जास्तच वाजलं. औषधाला वेळ लागतो, काही आठवडे, डॉक्टर म्हणाल्या होत्या.

"दे इकडे," नणंद उठून म्हणाली.

"होतंय."

"दिसतंय कसं होतंय ते. दे."

तिने भांडं सोडलं. नणंदेने तीन कप भरले, त्यातला एक तिच्यासमोर सरकवला आणि ओटा पुसायला फडकं शोधू लागली.